दगडाखालची घरं

दगड उलटा केला, आणि खाली कोणीच नव्हतं.

तसं पाहिलं तर दगडाखाली कोणी नसणं ही काही घाबरण्यासारखी गोष्ट नाही. पण हा दगड मी बावीस वर्षं उलटा करत आले आहे. पुलाच्या वरच्या अंगाला, दहा पावलांवर, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर, म्हशीच्या पाठीसारखा. त्याच्या पोटाला नेहमी घरं चिकटलेली असत. वाळूचा एकेक कण लाळेनं जोडून केलेली, नखाएवढी, नळीसारखी घरं, आणि प्रत्येक घराच्या दारात डोकं बाहेर काढून बसलेली एक अळी. मोठी झाली की पंख फुटून उडून जाणारी. परमेश्वरानं तिला धड हातसुद्धा दिले नाहीत, पण गवंडीकाम दिलं. मी त्यांना ‘घरवाले’ म्हणते. ऑफिसच्या कागदावर त्यांचं मोठं शास्त्रीय नाव आहे, ते मी लिहिते, पण हाक मारायची झाली तर घरवालेच.

त्या सकाळी दगडाच्या पोटावर घरं होती. रिकामी होती. हिरवट बुळबुळीत शेवाळाखाली दबलेली, काहींच्या दारात चिखल गच्च भरलेला. मी बोटानं एक घर दाबलं. ते विरघळल्यासारखं मोडलं.

मी दगड होता तसा पालथा ठेवला.

माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत आहे. ठरलेल्या ओढ्यांवर ठरलेल्या दिवशी जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी धरायची आणि तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा. जे निसटेल ते जाळीत येतं. मग पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्यानं एकेक जीव वेचायचा, मोजायचा, लिहायचा. कुठले जीव आहेत त्यावरून पाणी कसं आहे ते कळतं. पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो, पण जीव सगळं वर्ष तिथं राहिलेले असतात. ते खोटं बोलत नाहीत.

तीन मिनिटं ढवळलं. ट्रेमध्ये काय आलं? गाळ, गाळ, आणि गाळात वळवळणारे लाल दोऱ्यासारखे किडे. ते कुठंही राहतात. गटारातही राहतात. एकशे चाळीस लाल किडे, दोन जळवा, आणि घरवाला एकही नाही.

“बाई, तुमचा चेहरा असा का झाला?” काठावरून ड्रायव्हरनं विचारलं. आमच्या ऑफिसच्या गाडीचा हा ड्रायव्हर बारा वर्षं माझ्याबरोबर ओढे हिंडतोय. “कोणी गेलं का?”

“सगळेच गेले,” मी म्हटलं.

“मग सुतक किती दिवसांचं?”

तो हसला. मला हसू आलं नाही. डबीतून मी कागदाची पट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि मिनिटभर धरून ठेवली. खतातलं नायट्रेट पाण्यात उतरलं असेल तर ही पट्टी गुलाबी होते. या पुलापाशी आजवर ती फिक्या गुलाबीच्या पुढं कधी गेली नव्हती. आज बघता बघता ती जांभळट झाली. डबीवरच्या रंगांच्या रांगेतला अगदी शेवटचा चौकोन. त्यापुढं रंगच नाही, म्हणजे किती पुढं आहे ते पट्टीला सांगता येईना.

आणि वर कोण होतं? वर माझ्या दादाचं शेत होतं.

*

आम्ही दोघं याच ओढ्यात वाढलो. मी सारखी पाण्यात म्हणून दादा मला ‘बेडकुळी’ म्हणायचा. आता माझी दोन वर्षांत निवृत्ती आहे, केस पांढरे झालेत, तरी तो मला बेडकुळीच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर त्या हाकेसाठीच मी पुलाचं काम झालं की त्याच्या घरी चहाला जाते.

काठाकाठानं वर चालत गेले. जाताना पलीकडच्या तीरावर नव्या घरांची रांग दिसली. एकसारखी बारा घरं, एकसारख्या बारा खिडक्या. मागच्या वर्षी तिथं गवत होतं. तिथं नळ अजून आलेला नाही, म्हणून प्रत्येक घरामागं जमिनीतलं पाणी उपसणारा एकेक छोटा पंप होता. एका घराच्या दोरीवर कपडे वाळत होते.

अलीकडं दादाच्या शेताची कड. तिथं ओढा आणि शेत यांच्यामध्ये वीस पावलांचा झाडाझुडपांचा पट्टा असायचा. इतका दाट, की लहानपणी आम्ही आत शिरलो तर आईला हाका मारून थकायला व्हायचं. ती झाडी गेली होती. नांगर थेट पाण्याच्या ओठापर्यंत आला होता. मातीत खताचे पांढरे दाणे अजून दिसत होते, आणि आठवड्यापूर्वीच्या पावसानं सऱ्यांमधून ओढ्याकडं नाले पाडले होते.

दादा बांधावर उभा होता. ट्रॅक्टरच्या चाकातली माती काढत होता.

“काय गं बेडकुळे, मिळाले का तुझे नातेवाईक?”

“झाडं कुठं गेली, दादा?”

“नुसती उभी होती. काय काम करत होती ती?”

“काम करत होती. खत अडवत होती. गाळ अडवत होती.”

“हो का? मग त्यांना पगार द्यायला पाहिजे होता.” त्यानं चाकाला लाथ मारली. “वरचं शेत रस्त्यात गेलं. ते कुठून भरून काढू? आणि मला काय विचारतेस, वरच्या कॉलनीला विचार. तिथं तीनशे घरं, सगळीकडं सिमेंट, पाण्याचा एक थेंब जमिनीत जायला जागा नाही. पूर्वी पाऊस पडला की ओढा दोन दिवसांनी फुगायचा. आता पाऊण तासात! त्या दिवशी पाणी काठावरून शेतात आलं, विहिरीपर्यंत आलं. माझी माती गेली, माझं खत गेलं. त्यांना कोण विचारतं?”

“त्यांनाही विचारते मी. अहवालात लिहिते.”

“लिही. तू किड्यांची काळजी कर, मी माणसांची करतो.”

तो रागावून बोलला नाही. दादा रागावून कधी बोलतच नाही. म्हणून त्याच्याशी भांडता येत नाही.

*

घरात माझी वहिनी गॅसपाशी उभी होती, आणि पाळण्यात आमचं ‘बटण’ झोपलं होतं. दादाचा नातू, सात आठवड्यांचा. जन्मला तेव्हा नाक असं गोल चपटं, की माझ्या तोंडून बटण निघालं आणि तेच राहिलं. माझा भाचा परगावी नोकरीला, आठवड्यानं येतो. सूनबाई बाळंतपणानंतर तापानं फार आजारी पडली. औषधं अशी होती की अंगावर पाजता येईना, आणि पुढं दूधच आटलं. म्हणून बटणला बाटलीनं पावडरचं दूध.

“आलात का वन्सं? पाय पुसा, सगळा ओढा घरात आणाल.” वहिनीनं चहाचा कप पुढं सरकवला. मोठ्या शेगडीवर पातेलं रटरटत होतं, आणि त्याची वाफ खिडकीच्या काचेवर ओघळत होती. “हे बघा, तुमचं औषध चालू आहे.”

“माझं?”

“तुम्हीच नाही का सांगितलंत? बाळाचं पाणी वीस मिनिटं उकळा, सगळे जंतू मेले पाहिजेत. मी तर त्याहून जास्त उकळते. निम्मं होईपर्यंत. त्या दिवशी ओढ्याचं पाणी विहिरीपाशी आल्यापासून तर दोनदा उकळते. एकदा उकळलेलं परत. माझ्या बटणाच्या पोटात एकसुद्धा जंतू जाता कामा नये.”

“शाबास,” मी म्हटलं.

हा शब्द मी म्हटला. मला तो अजून ऐकू येतो.

सूनबाई आतून आली. अशक्त, केस कसेबसे बांधलेले. “आत्या, तुम्हाला बाळ जरा सावळं वाटतं का? दोन दिवस झाले. ओठांपाशी.”

मी पाळण्यात वाकले. खिडकीतून उजेड कमी येत होता. ओठांच्या कडेला पाटीच्या दगडासारखी छटा होती खरी. नखंही तशीच.

“आमच्याच वळणावर गेलाय,” वहिनी म्हणाली. “याचे आजोबा बघा ना. कोळशाच्या खाणीतून काढल्यासारखे.”

आम्ही हसलो. सूनबाई हसली नाही.

“थंडी वाजत असेल,” मी म्हटलं, आणि त्याच्या पावलांत मोजे घातले. आपलं माणूस आजारी आहे असं मनात आणायचं नसलं की मन किती पटकन मोजे शोधतं! दगडाखाली कोणी नाही हे मला एका नजरेत कळलं होतं. पाळण्यात काय आहे ते कळलं नाही.

वहिनीनं बाटली माझ्या हातात दिली. “पाजा तुम्हीच. आत्येआजीच्या हातून पितो तो.”

मी पाजलं. देवाचं नाव गुणगुणत पाजलं. त्यानं निम्मी बाटली संपवली, एकदाही डोळे उघडले नाहीत, आणि झोपून गेला.

“किती शहाणं बाळ,” मी म्हटलं. “रडतसुद्धा नाही.”

*

प्रयोगशाळेत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. जीव स्पिरिटमध्ये भरले, चिठ्ठ्या लावल्या. मग पाण्याचं काम. त्यात एक साधी चाचणी असते, शाळेतल्या मुलालाही जमेल अशी. पाणी गाळून घ्यायचं, चिनीमातीच्या वाटीत ओतायचं, आणि गरम तव्यावर ठेवून सगळं उडवून टाकायचं. शेवटी वाटीत जे उरतं, ते पाण्यात विरघळलेलं होतं. ते वजन करायचं. हे मी हजारो वेळा केलं असेल.

वाटी ठेवली आणि अहवाल लिहायला बसले. मधूनमधून मान वर करून बघत होते. पाणी कमी होत होतं. आधी वाटीच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली. पाणी खाली गेलं तशी तिच्याखाली आणखी एक. मग पाणी संपलं, आणि तळाला पांढरा थर उरला.

पाणी गेलं. ते नाही गेलं.

वहिनीच्या काचेवरची वाफ माझ्या डोळ्यांसमोर आली. निम्मं होईपर्यंत. परत एकदा. निम्म्याचं निम्मं.

जंतू मरतात हो उकळून. नायट्रेट कुठं मरतं? ते जिवंतच नसतं. पाणी उडून जातं आणि ते पातेल्यात बसून राहतं, दुप्पट, चौपट. आणि लहान बाळाच्या पोटात गेलं की त्याच्या रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा हमालच आंधळा होतो. छाती वरखाली होते, श्वास आत जातो, पण अंगाला पोचत नाही. बाळ पाण्याबाहेर गुदमरतं. आधी ओठ, मग नखं. मग रडायचं थांबतं.

हे मला माहीत होतं. प्रशिक्षणात शिकवलं होतं, परीक्षेत मी लिहिलंही होतं. पण बावीस वर्षं माझ्या फॉर्मवर ओढा आहे. विहीर दुसऱ्या खात्याकडं असते. डोक्यातही आपण तसेच कप्पे करून घेतो, आणि एका कप्प्यातलं पाणी दुसऱ्यात झिरपत नाही असं समजतो. दादाची विहीर ओढ्यापासून तीस पावलांवर होती.

घड्याळ बघितलं. पावणेतीन. तीनला बटणची बाटली.

वहिनीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. मग आठवलं: फोनच्या लहरी बाळाला लागतात असं वहिनीनं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून घरातले दोन्ही फोन दिवसभर बाहेरच्या खोलीत, कपाटात, गोधड्यांखाली. त्यावरून मी तिची चेष्टा केली होती. दादाला लावला. दादा ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवर असताना त्याच्या कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही.

मी जिना उतरून खाली धावले. ड्रायव्हर गाडीत डबा खात होता.

“चल,” मी म्हटलं.

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि डबा तसाच उघडा मागच्या सीटवर ठेवला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं विनोद केला नाही, आणि त्यानं मी जास्त घाबरले.

पुलापर्यंत पंधरा मिनिटं. मी दाराची मूठ धरून बसले होते. ‘देवा,’ म्हणत होते, ‘वहिनीला विसर पाड. दूध सांडू दे. पातेलं करपू दे. गॅस संपू दे.’ इतक्या वर्षांत देवाजवळ पुष्कळ काही मागितलं, पण एखाद्याच्या घरातला गॅस संपू दे असं कधी मागितलं नव्हतं.

*

वहिनी दारातच होती. तोंडावर बोट ठेवून.

“हळू! आत्ताच प्याला. अख्खी बाटली. गाढ झोपलाय.”

मी तिला बाजूला सारून आत गेले. पाळण्यातून त्याला उचललं आणि खिडकीपाशी नेलं. पडदा ओढला. उजेड त्याच्या तोंडावर पडला.

आई गं.

सावळा नव्हता तो. पावसाळी ढगासारखा होता. ओठ राखाडी, जीभ राखाडी. मोजे काढले, तर तळपाय निळे. मी त्याच्या टाचेला टिचकी मारली, जोरात मारली. त्यानं तोंड वाकडं केलं, रडायला उघडलं, आणि आवाजच आला नाही.

“काय झालं?” सूनबाई दारात उभी होती. “आत्या, काय झालं?”

“गाडीत बस. बाटली घे, पातेल्यातलं पाणी एका बरणीत घे. वहिनी, गॅस बंद कर.”

“पण मी उकळून...”

“गॅस बंद कर, वहिनी!”

आयुष्यात तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तिनं गॅस बंद केला आणि हात पदराला पुसत राहिली, पुसतच राहिली.

रस्त्यात बटण माझ्या मांडीवर होता. मी त्याच्या छातीवर हात ठेवला होता. छाती वर जायची, खाली यायची. मग थांबायची. प्रत्येक थांबण्यात मी मोजायचे. मोजायची सवयच आहे मला. एक, दोन, तीन. मग परत वर. एकदा मी सातपर्यंत मोजलं, आणि शेजारी सूनबाई माझे ओठ हलताना बघत होती.

“काय मोजताय?” तिनं विचारलं.

“नाव घेतेय,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. आकडे आणि नाव दोन्ही एकात एक गुंतून गेले होते.

*

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, हातानं चपळ. बाळाच्या तोंडावर प्राणवायूचा छोटा मुखवटा लावला, पायाच्या बोटाला चिमटा लावला. यंत्रावर रक्तातल्या प्राणवायूचा आकडा उमटला, शंभराच्या जवळ हवा असतो तो. पंच्याऐंशी. तिनं प्राणवायू वाढवला. पंच्याऐंशी. आणखी वाढवला. पंच्याऐंशी.

“हृदयात काही दोष सांगितला होता का जन्मताना?”

“नाही,” सूनबाई म्हणाली.

“मग हृदयतज्ज्ञांना बोलवावं लागेल. मोठ्या दवाखान्यात हलवावं लागेल, दोन तास...”

“दोन तास नाहीत त्याच्याकडं,” मी म्हटलं. “हृदय नाही. रक्त बघा. विहिरीचं पाणी आहे, खताचं, उकळून आटवलेलं.”

“तुम्ही डॉक्टर आहात?”

“नाही. मी ओढ्यातले किडे मोजते.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. पँटचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं वाळलेले, केसात शेवाळ. मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार. मी पिशवीत हात घातला आणि गाळणीच्या कागदांचं पाकीट काढलं. गोल, पांढरे, रोज वापरते ते.

“एक थेंब काढा आणि यावर टाका. हवेत लाल झाला तर मी खोटी. माझं डोकं फिरलं म्हणा.”

देव तिचं भलं करो, तिनं वेळ घालवला नाही. टाचेला सुई टोचली, एक थेंब कागदावर पडला. शेजारी तिनं स्वतःच्या बोटाचा एक थेंब टाकला. आम्ही चौघी त्या कागदावर वाकलो, सूनबाई, डॉक्टर, नर्स आणि मी.

डॉक्टरचा थेंब लाल झाला. बटणचा थेंब चहाच्या डागासारखा तपकिरी होता. तपकिरीच राहिला.

“हे मी फक्त पुस्तकात वाचलंय,” डॉक्टर हळूच म्हणाली. मग नर्सकडं वळून मोठ्यानं एका औषधाचं नाव घेतलं. “आहे का आपल्याकडं? पळ!”

नर्स पळाली. तीन मिनिटं लागली. तीन मिनिटं म्हणजे किती असतात ते मला पायांनी माहीत आहे. ओढ्यात तीन मिनिटं ढवळून ढवळून. तरी ती तीन मिनिटं वेगळी होती. सूनबाईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी मनगटावर चार डाग होते.

औषध निळं होतं. शाईसारखं निळं. निळ्या पडलेल्या लेकराला आणखी निळं काय देताय, असं सूनबाईच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. डॉक्टरनं ते शिरेतून अगदी सावकाश सोडलं. मग आम्ही आकड्याकडं बघत बसलो. औषध गेल्यावर तो आणखी खाली आला, आणि सूनबाईच्या घशातून एक आवाज निघाला, तो मी कधी विसरणार नाही.

“थांबा,” डॉक्टर म्हणाली, “औषधाचा रंग यंत्राला फसवतो. यंत्र बघू नका. बाळ बघा.”

बाळ बघा! सकाळी मला हे कोणी सांगायला हवं होतं.

दादा आला तेव्हा अर्धा तास झाला होता. ट्रॅक्टर दवाखान्याच्या दारात उभा करून आला होता. बुटांचा चिखल साऱ्या गुळगुळीत फरशीवर उमटला, आणि कोणी त्याला काही बोललं नाही. मी खोलीबाहेर काचेपाशी होते; तो माझ्या शेजारी उभा राहिला. काचेतून आत बघितलं.

“मला खरं सांग,” तो म्हणाला. “माझ्यामुळं झालं?”

“उकळायला मी सांगितलं.”

“मी ते विचारत नाही.”

काय बोलू? झाडी असती तर खत अडलं असतं. वरती सिमेंट नसतं तर पाणी विहिरीपर्यंत आलं नसतं. मी पट्टी विहिरीत बुडवली असती तर सकाळीच कळलं असतं. वाटा किती पडतात, ते मला मोजता आलं नाही.

“आपण तेच पाणी प्यायलो गं,” दादा म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “आई त्याच विहिरीवर... आपल्याला काही झालं नाही.”

आतून एक किंचाळी आली.

बटण रडत होता. तोंड पूर्ण उघडून, मुठी आवळून, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असा. त्याचे कान गुलाबी झाले होते. आधी कान, मग ओठ. नर्सनं दुपटं बदललं तेव्हा ते हिरवं-निळं झालेलं होतं, औषधाचा रंग, आणि सूनबाई दिवसात पहिल्यांदा हसली, हसता हसता खाली जमिनीवरच बसली.

दादानं काचेला कपाळ टेकवलं. “बेडकुळे,” तो म्हणाला.

मी देवाचे आभार मानायला हात जोडले. डोळे मिटले. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढं बटणचा चेहरा यायच्या ऐवजी एक दोरी आली.

दोरीवर कपडे. नव्या घरांच्या रांगेत, ओढ्याच्या पलीकडं. सकाळी मी बघितले होते आणि पुढं गेले होते. एक चादर, दोन शर्ट, आणि टोकाला चिमट्यांनी लावलेली लहान लहान झबली. बाहुलीला येतील एवढी.

माझे जोडलेले हात तसेच राहिले.

*

ड्रायव्हरनं गाडी रांगेसमोर थांबवली तेव्हा दिवे लागायची वेळ होती. ओढ्यावर अजून थोडा उजेड होता. पाणी शांत, सुंदर दिसत होतं. कोणीही त्याकडं बघून म्हणालं असतं, काय छान जागा निवडली घराला.

झबली आता दोरीवर नव्हती. कोणीतरी घरात नेली होती. मी कोणत्या घराची दोरी होती ते आठवायचा प्रयत्न केला. बारा घरं, सगळी सारखी. मग एका खिडकीची काच धुरकट दिसली. आतून वाफ धरलेली, थेंब ओघळणारी.

मी दार वाजवलं.

तिशीतली एक बाई आली. खांद्यावर बाळ, पाठीवर थोपटत होती. बाळाचं तोंड तिच्या मानेत होतं, मला दिसत नव्हतं.

“कोण आपण?”

“मी पाण्याच्या ऑफिसातून आले,” मी म्हटलं. “बाळ... रडतं का हो?”

“नाही बाई, अगदी शहाणं आहे,” ती कौतुकानं म्हणाली. “या ना आत. जरा गडबड आहे, बाळाच्या दुधाचं पाणी उकळतंय.”

“गॅस बंद करा,” मी म्हटलं. “आणि त्याला जरा दिव्याखाली आणा.”